लेन जॉन्सन: चॅम्पियनांच्या यादीत नसलेलं नाव

मँचेस्टरवासी

मंडळी, दोन महायुद्धांच्या मधल्या काळातल्या ब्रिटिश बॉक्सिंगच्या मिडलवेट, म्हणजे मधल्या वजनगटातल्या, चॅम्पियनांची यादी काढून बघा. रोलंड टॉड सापडेल, टॉमी मिलिगन सापडेल, लेन हार्वे सापडेल, जॉक मॅकअॅव्हॉय सापडेल. लेन जॉन्सन हे नाव सापडणार नाही. यातल्या टॉडला त्याने १९२५ मध्ये दोनदा हरवलं आणि हार्वेला १९२७ मध्ये, तेही वीस राउंडांच्या लढतीत. तरीही तो यादीत नाही. यादीत यायला जी एक लढत लढावी लागते ती त्याला लढूच दिली नाही. त्याचे वडील काळे होते, एवढंच त्याचं कारण.

मी बरीच वर्षं मँचेस्टरला आहे. कॉलेजात असताना पुण्यात तीन वर्षं बॉक्सिंग केलं होतं, ते हौसेपुरतंच. पण हा माणूस मला कुठल्या जुन्या खेळाडूंच्या गप्पांत भेटला नाही. इथे एका पबच्या दारात भेटला, ते पुढे सांगतो.

लेनचा जन्म २२ ऑक्टोबर १९०२ चा, मँचेस्टरच्या क्लेटन भागातला. वडील सिएरा लिओनचे, जहाजावर काम करून इंग्लंडला आलेले. आई मँचेस्टरचीच, आयरिश वळणाच्या घरातली. वडील स्वतः बॉक्सिंग बूथमध्ये लढलेले. बूथ म्हणजे जत्रेतला तंबू. बाहेर लाकडी मंचावर मालकाचे चार-पाच मुष्टियोद्धे ओळीने उभे असायचे, ढोल वाजायचा आणि मालक गर्दीला आव्हान द्यायचा की याच्यासमोर तीन राउंड टिकून दाखवा आणि पैसे घेऊन जा. गिरणीतला, खाणीतला, नुकताच दारू प्यायलेला कुणीही वर चढायचा. लेनही सुरुवातीला सपाटून हरला, मग बर्ट ह्यूजेस नावाच्या मालकाच्या बूथमध्ये शिरला आणि तिथे घडला. दिवसाला अनेक लढती, समोरचा कोण, किती वजनाचा, काय घेऊन आलेला, काही माहीत नाही. अशा ठिकाणी जो मारामारी करतो तो आठवडाभरात संपतो. जो मार चुकवायला शिकतो तोच टिकतो.

लेनचा सगळा खेळ यातून आला. डाव्या हाताचा सरळ ठोसा, ज्याला आपण जॅब म्हणतो, हे त्याचं मुख्य हत्यार. मला आमच्या सरांनी शिकवलेलं अजून अंगात आहे: डावा पाय पुढे, डावा खांदा हनुवटीला लागलेला, मूठ ज्या रेषेत जाते त्याच रेषेत परत. परत येताना मूठ दोन बोटं जरी खाली आली, तरी समोरच्याचा उजवा तुमच्या गालावर. सर आमच्या काखेत घडी केलेला नॅपकिन धरायला लावायचे, तो पडला की पुन्हा पहिल्यापासून. तीन मिनिटांत माझा खांदा भरून यायचा. लेन जॉन्सन हा ठोसा वीस राउंड, म्हणजे एक तास, मारू शकत होता. त्याच्या ठोशात फार ताकद नव्हती हे त्याच्या काळातल्या लोकांनीही म्हटलंय. पण त्याला मार लागायचाच नाही. शंभराहून जास्त लढती खेळलेल्या माणसाचा चेहरा मुष्टियोद्ध्याचा वाटायचा नाही.

१९२६ च्या सुरुवातीला तो बोटीने ऑस्ट्रेलियाला गेला आणि सिडनीत हॅरी कॉलिन्सला हरवून ब्रिटिश साम्राज्याचा मिडलवेट किताब जिंकला. साम्राज्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन जिंकून आला आणि लंडनने तो किताब मानलाच नाही. मला या सगळ्या कथेतलं हे सर्वांत जास्त टोचतं. तो हरला असता तर ती हार त्याच्या नावावर मांडली गेली असती.

पुढच्या वर्षी जानेवारीत लेन हार्वेशी लढत झाली, लंडनच्या ब्लॅकफ्रायर्स रोडवरच्या 'द रिंग' या सभागृहात. ही इमारत मूळची १७८३ सालची प्रार्थना मंदिराची, आठ कोनांची. डिक बर्ज या जुन्या मुष्टियोद्ध्याने १९१० मध्ये तिथे बॉक्सिंग सुरू केलं आणि तो गेल्यावर त्याची बायको बेला बर्ज ते चालवत होती. एका बाईने त्या काळी लंडनचं बॉक्सिंग सभागृह चालवावं, हा वेगळ्या धाग्याचा विषय आहे. तर या अष्टकोनी सभागृहात जॉन्सन गुणांवर जिंकला. दोन वर्षांनी हार्वे ब्रिटनचा चॅम्पियन झाला. जॉन्सन होता तिथेच.

---

लाल माती

मँवा, लेख एका दमात वाचला. आमच्याकडे जत्रेतल्या कुस्त्या अशाच. नारळावरच्या पोरांपासून सुरुवात, मग इनाम वाढत जातं आणि शेवटी निकाली कुस्ती. माझे आजोबा सांगायचे की जत्रेतल्या पैलवानाला डाव एकच येत असला तरी चालतो, पण समोरच्याचा पाय कुठे पडणार हे आधी कळलं पाहिजे.

एक नीट कळलं नाही. हा नियम खरंच लिहिलेला होता का? की मनातल्या मनात सगळ्यांनी ठरवलेलं? आपल्याकडे बहुतेक वेळा लिहिलेलं नसतं, म्हणून विचारतो.

---

मँचेस्टरवासी

लाल माती, लिहिलेला होता. ब्रिटिश बॉक्सिंग बोर्ड ऑफ कंट्रोल १९२९ मध्ये आजच्या स्वरूपात उभं राहिलं. त्यांच्या नियमावलीत नियम २४ होता: ब्रिटिश किताबासाठी लढणारा ब्रिटिश प्रजाजन असला पाहिजे आणि गोऱ्या आई-वडिलांच्या पोटी जन्मलेला असला पाहिजे. दोघंही गोरे. लेनची आई मँचेस्टरची, लेन स्वतः मँचेस्टरचा, बोली मँचेस्टरची. त्याचा काही उपयोग नाही.

बोर्डाच्या आधी सूत्रं नॅशनल स्पोर्टिंग क्लबच्या हातात होती. कॉव्हेंट गार्डनमधला क्लब, अध्यक्ष लॉर्ड लॉन्सडेल. ब्रिटिश चॅम्पियनला मिळणारा, त्यांच्या नावाचा लॉन्सडेल बेल्ट १९०९ पासून सुरू झाला, तीनदा जिंकला की कायमचा तुमचा. या क्लबात प्रेक्षक रात्रीच्या भोजनाच्या पोशाखात बसायचे आणि राउंड चालू असताना बोलायला बंदी होती. टाळ्या राउंड संपल्यावर. हे वाचल्यावर मला बेल व्ह्यूच्या किंग्ज हॉलची आठवण होते, म्हणजे मी तो पाहिला नाही, पण जुन्या लोकांकडून ऐकलाय. बेल व्ह्यू म्हणजे मँचेस्टरचं प्राणिसंग्रहालय आणि जत्रा एकाच जागी. कारखान्यातून सुटलेले लोक तिथे लेनला बघायला यायचे, नावाने हाका मारायचे. तो ज्या लोकांचा खेळाडू होता आणि ज्या लोकांच्या हातात त्याचा बेल्ट होता, ते दोन वेगळ्या खोल्यांत बसत होते.

नियमाचं मूळ १९११ मध्ये आहे. जगज्जेता अमेरिकन जॅक जॉन्सन आणि ब्रिटनचा बॉम्बार्डियर बिली वेल्स यांची लढत लंडनच्या अर्ल्स कोर्टला ठरली होती. एफ. बी. मेयर या धर्मगुरूने विरोधात मोहीम उघडली आणि गृहमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी लढत बंद पाडली. काळा माणूस गोऱ्याला हरवताना वसाहतींमधल्या लोकांनी पाहिलं तर काय होईल, ही भीती त्यामागे उघड होती. त्यानंतर काळ्यांना ब्रिटिश किताबापासून दूर ठेवणं हा रिवाज झाला आणि पुढे त्याचा नियम.

---

जुनी पानं

१९११ वाचून थबकले. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात पहिला भारतीय क्रिकेट संघ इंग्लंडमध्ये खेळत होता आणि त्यात पळवणकर बाळू होते. त्या दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. ज्या पुण्यात त्यांना चहा पॅव्हिलियनच्या बाहेर, वेगळ्या भांड्यातून मिळायचा, तिथला हा गोलंदाज. हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधीच मिळालं नाही. भाऊ विठ्ठल १९२३ मध्ये कर्णधार झाले, तोवर बाळूंचा खेळ संपला होता.

म्हणजे बाळू इंग्लंडच्या मैदानांवर बळी घेत होते, त्याच वर्षी त्या देशात जॅक जॉन्सनची लढत बंद पाडली गेली. आपल्याकडे नियम लिहिलेला नव्हता, तिथे पुढे लिहिला गेला. बाहेरचं भांडं मात्र दोन्हीकडे.

---

शंकेखोर

धागा चांगला आहे, पण दुसरी बाजू मांडतो, राग नसावा. मुष्टियुद्ध हा तिकिटांचा धंदा आहे. तुम्हीच म्हणता की जॉन्सनच्या ठोशात ताकद नव्हती, सगळा बचावाचा खेळ. असा खेळाडू गर्दी खेचत नाही. आयोजकांनी त्याला टाळलं त्यात रंगाइतकाच धंद्याचा हिशोब नसेल का? शिवाय १९३२ मध्ये हार्वेने त्याला हरवलंच ना? मग कोण श्रेष्ठ हे ठरलंच.

---

मँचेस्टरवासी

शंकेखोर, राग कसला, मुद्दा धरून बोललात.

हार्वेचंच बघा. लेन हार्वेही बचावाचा उस्ताद होता, ठोशापेक्षा डोकं आणि पाय वापरणारा. तो ब्रिटनच्या तीन वजनगटांत चॅम्पियन झाला आणि सभागृहं भरत होती. बचावाचा खेळ लोकांना बघायचा नसता तर हार्वेही चालला नसता. आणि जॉन्सन गर्दी खेचत नसता तर बेल व्ह्यूच्या आयोजकांनी त्याला वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा बोलावलं नसतं.

१९३२ ची लढत रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये झाली, हार्वे तेव्हा चॅम्पियन होता, आणि हो, हार्वे गुणांवर जिंकला. मी ते लपवत नाही. पण हार्वे १९२७ मध्ये विशीच्या आत होता आणि १९३२ मध्ये ऐन भरात. जॉन्सन १९२७ मध्ये भरात होता आणि १९३२ मध्ये बूथ आणि रिंगमध्ये झिजून गेलेला, तिशीला टेकलेला. त्याची सगळ्यात चांगली पाच वर्षं किताबाच्या लढतीविना गेली. तुम्ही पैलवानाला उमेदीच्या काळात फडात उतरू दिलं नाही आणि उतरतीला लागल्यावर म्हणालात की आता कर कुस्ती, तर त्या निकालावरून काय ठरवणार? आणि तो जिंकला असता तरी बोर्डाने त्याला किताब दिला असता का? नियम २४ त्या रात्रीही तिथेच होता.

धंद्याच्या हिशोबाबद्दल एक गोष्ट. लॅरी गेन्स हा काळा मुष्टियोद्धा मूळचा कॅनडाचा, लेस्टरला राहणारा. त्याने १९३१ मध्ये लेस्टरच्या वेलफर्ड रोड मैदानावर फिल स्कॉटला हरवून साम्राज्याचा हेवीवेट किताब जिंकला, आणि तो मान्य झाला. पुढच्या वर्षी लंडनच्या व्हाइट सिटीत त्याने प्रिमो कार्नेराला हरवलं, तेव्हा मैदान माणसांनी फुललं होतं. म्हणजे काळ्या मुष्टियोद्ध्याला बघायला लोक तिकीट काढत होते. कॅनडाहून आलेला काळा माणूस साम्राज्याचा किताब धरू शकत होता, पण मँचेस्टरला जन्मलेला ब्रिटनचा किताब धरू शकत नव्हता. यात तिकीटखिडकीचा हिशोब मला तरी दिसत नाही.

---

लाल माती

दादा, खुराकाचं आणि पैशाचं काय? किताबाच्या लढतीत पैसा असतो, तो नाही तर पोट कसं भरायचा?

---

मँचेस्टरवासी

पुन्हा पुन्हा लढूनच. त्या काळात दोन-तीन आठवड्यांनी एक लढत ही साधी गोष्ट होती, काही जण आठवड्यालाही लढत. शिवाय इंग्लंडमध्ये मंदी, उत्तरेकडे कापडगिरण्या बंद पडत होत्या, रिंगमध्ये उतरायला तयार पोरांची रांग लागलेली. मँचेस्टरच्या कॉलीहर्स्ट वस्तीतून हॅरी फ्लेमिंगच्या हाताखाली जॅकी ब्राउन आणि जॉनी किंग तयार झाले. ब्राउन १९३२ मध्ये फ्लायवेटचा जगज्जेता झाला. एप्रिल १९३३ मध्ये जवळच्या रॉचडेलचा जॉक मॅकअॅव्हॉय बेल व्ह्यूलाच हार्वेला हरवून ब्रिटिश मिडलवेट चॅम्पियन झाला. म्हणजे तो बेल्ट अखेर मँचेस्टरला आला, लेनच्या अंगणात, आणि त्याच वर्षी लेन जॉन्सनने हातमोजे उतरवले.

मग त्याने स्वतःचा बूथच चालवला. जिथून आला तिथेच परत, पण आता मालक म्हणून. गावोगावच्या जत्रांतून १९३९ पर्यंत तो फिरला. युद्धात मँचेस्टरच्या नागरी संरक्षण दलात होता, बॉम्बने पडलेल्या घरांतून माणसं काढणाऱ्या तुकडीत.

---

पोरीची आई

माझी लेक चौदा वर्षांची आहे, दोन वर्षं बॉक्सिंग करते. तिला संध्याकाळी हा धागा वाचून दाखवला. मधेच तिने विचारलं, "मग त्याने सोडून का दिलं नाही?" मला उत्तर देता आलं नाही. दादा, तुम्ही पबचं सांगणार होतात. आणि हा नियम गेला कधी?

---

मँचेस्टरवासी

ताई, आधी नियमाचं सांगतो. १९४८ मध्ये गेला. युद्धात वसाहतींमधली माणसं ब्रिटनसाठी लढली होती, त्यांच्या मुलांना ब्रिटिश किताबाला हात लावू न देणं आता कुणाला उघडपणे मांडता येईना. २८ जून १९४८ ला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर डिक टर्पिनने व्हिन्स हॉकिन्सला हरवलं आणि बंदी उठल्यानंतरचा तो ब्रिटनचा पहिला काळा चॅम्पियन झाला. वजनगट कोणता? मिडलवेट. लेनचाच. टर्पिनचे वडील ब्रिटिश गयानाचे, पहिल्या महायुद्धात ब्रिटनकडून लढलेले. त्याच्या आधी सहाच दिवस, २२ जूनला, कॅरिबियन बेटांवरून ब्रिटनमध्ये राहायला आलेल्या लोकांची 'एम्पायर विंडरश' बोट लंडनजवळच्या टिलबरी बंदराला लागली होती. डिकचा धाकटा भाऊ रँडॉल्फ याने १९५१ मध्ये अमेरिकन जगज्जेता शुगर रे रॉबिन्सनला हरवलं, ते बहुतेकांना माहीत असेल. लेन तेव्हा पंचेचाळिशी ओलांडून गेला होता.

आता तुमच्या लेकीच्या प्रश्नाचं. सोडून दिलं नाहीच, फक्त रिंग बदलली. तो कम्युनिस्ट पक्षात गेला. ऑक्टोबर १९४५ मध्ये मँचेस्टरच्या चोर्लटन टाउन हॉलमध्ये पाचवी पॅन-आफ्रिकन परिषद भरली. पुढे घानाचे प्रमुख झालेले एन्क्रुमा, पुढे केनियाचे प्रमुख झालेले केन्याटा, अमेरिकन विचारवंत डु बॉइस, त्रिनिदादचे पॅडमोर, काळ्यांच्या चळवळीतले हे सगळे तिथे होते. आफ्रिकेतल्या दोन देशांचे पुढचे प्रमुख एका सभागृहात, आणि त्याच सभागृहात क्लेटनचा हा निवृत्त मुष्टियोद्धा. पुढच्या वर्षी त्याने सोबत्यांसह मॉस साइड भागात न्यू इंटरनॅशनल सोसायटी नावाचा क्लब काढला, काळ्या-गोऱ्या सगळ्यांसाठी. १९४९ मध्ये प्रसिद्ध काळे अमेरिकन गायक पॉल रोबसन तिथे येऊन गेले. महापालिकेच्या निवडणुकीला लेन पुन्हा पुन्हा उभा राहिला, निवडून एकदाही आला नाही.

आणि तो पब. ह्यूममधला ओल्ड अॅबी टॅपहाउस. आता आजूबाजूला सगळ्या विज्ञान-तंत्रज्ञान संकुलाच्या काचेच्या इमारती आणि मधे एकटी ही जुनी विटांची वास्तू उरली आहे. मी एका कामासाठी त्या संकुलात गेलो होतो, पाऊस आला म्हणून दारात आडोशाला उभा राहिलो आणि तिथल्या माणसाने ही गोष्ट सांगितली. सप्टेंबर १९५३ मध्ये लेन आपला मित्र विल्फ चार्ल्स याच्यासोबत इथे बिअर प्यायला आला. मालकाने त्याला द्यायला नकार दिला, तो काळा म्हणून. पोलीस बोलावून त्यांना बाहेर काढलं. तेव्हा असा नकार देणं इंग्लंडमध्ये बेकायदा नव्हतं.

पन्नाशी ओलांडलेला माणूस. याच शहरातल्या लोकांनी त्याच्या नावाने आरोळ्या ठोकलेल्या. दार बंद झाल्यावर तो घरी गेला, पण गप्प बसला नाही. क्लबातले लोक गोळा केले, शहराचे लॉर्ड मेयर आणि मँचेस्टरचे बिशप यांच्यापर्यंत गोष्ट नेली. तीन दिवसांत पबच्या बाहेर दोनशे माणसं जमली, काळी आणि गोरी.

---

शंकेखोर

मँवा, हार्वेच्या बचावाचा मुद्दा पटला. १९३२ वरून मी जो निष्कर्ष काढला तो मागे घेतो. जॉन्सन पुढे कुठे राहिला? कधी गेला?

---

मँचेस्टरवासी

मोठ्या मनाने म्हणालात, बरं वाटलं. सप्टेंबर १९७४ मध्ये ओल्डहॅमला गेला, एकाहत्तर वर्षांचा होता. बरीच वर्षं मँचेस्टरमध्येही त्याचं नाव फारसं कुणाच्या तोंडी नव्हतं. अलीकडे त्याचा पुतळा व्हावा म्हणून इथल्या लोकांनी मोहीम सुरू केली आहे.

---

पोरीची आई

दादा, लेक विचारतेय की त्या पबात शेवटी त्याला बिअर मिळाली का?

---

मँचेस्टरवासी

मिळाली, बाळा. मालकाने बंदी मागे घेतली, लेनला आत बोलावलं आणि दोघं एकत्र बसून प्यायले.